भिंतीवरची बारा नावं

डाकार, ९ नोव्हेंबर

दिबोर,

तू फोन उचलत नाहीस. आधी वाटलं, नंबर चुकला असेल. म्हणून रोखायामावशीच्या फोनवरून लावला, तर तिच्याशी तू पंधरा मिनिटं बोललीस. मी शेजारीच बसले होते. मावशीने खुणेने विचारलं, देऊ का? मी हात हलवून नको म्हटलं. तेव्हाच ठरवलं की पत्र लिहायचं. फोन नुसता कापता येतो, कागद फाडायला निदान हातात तरी घ्यावा लागतो.

आपल्या शिंप्याचा भाऊ स्पेनला विगोला चाललाय. तुझ्या क्लबचं गाव, लुगो, तिथून दोन तासांवर आहे म्हणे, एखाद्या रविवारी तुझ्याकडे येऊन जाईल. त्याच्या हाती सुके मासे दिलेत, सरबतासाठी बिसापची फुलं दिलीत आणि मावशीने तुझ्यासाठी शिवून घेतलेला झगा. माप जुनंच आहे. तिथे जाऊन वाळली असशील तर कमरेत आवळून घे.

इथे जिंकण्याचा गोंधळ अजून ओसरलेला नाही. बाजारात गेले की टोमॅटोवाली पैसे घेत नाही, म्हणून मी हल्ली दुसऱ्या टोमॅटोवालीकडे जाते. विमानतळापासून आम्हाला उघड्या ट्रकवरून आणलं. चार पोरं मला खांद्यावर घ्यायला निघाली होती. मी म्हटलं, बाबांनो, आफ्रिकेचा चषक उचला, तो हलका आहे. माझा सहायक लांदिंग तुझी फार आठवण काढतो. 'सेरेरांच्या घरात इतकी गुणी पोर कुठून आली? आमच्याच जोलांच्या गावातून पळवून आणली असणार,' असं सारखं म्हणतो. सेरेर-जोलांची ही पिढीजात थट्टा मी तरी कशी सोडू? म्हटलं, नोकर आहेस, नोकरासारखा चेंडू पुसत बस.

राष्ट्रीय बास्केटबॉल संघाच्या यादीबद्दल एकदाच सांगते, मग विषय बंद. तुझा उजवा गुडघा ठीक नव्हता. आठ दिवसांत सहा सामने तो झेपला नसता. मी आई म्हणून नाही, कोच म्हणून ठरवलं. आणि आपण जिंकलो. याच्यापुढे काय बोलायचं?

विमानतळावर निरोप घेताना जे झालं, ते मी मनावर घेतलेलं नाही. तुझ्या डाव्या हातात बॅग होती. गर्दीत असं होतं. मावशीलाही मी तेच सांगितलंय.

वेळेवर जेव.

आई


बामाको, २ मार्च

दिबोर,

शिंप्याचा भाऊ परत आला. मासे घेतलेस, फुलं घेतलीस, झगा घेतलास आणि पत्र तेवढं न फोडता त्याच्या हातावर ठेवलंस. बिचारा माझ्यासमोर उभा राहून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. म्हणून या वेळी मासेच पत्रांत गुंडाळून पाठवते आहे. आतल्या थरात जुनं पत्र आहे, बाहेरच्या थरात हे. आता मासे हवे असतील तर कागद सोडवावाच लागेल. शाई माशांना लागली असेल तर धुऊन घे.

पत्ता बघून चकित झाली असशील. मी मालीत आहे. इथल्या एका क्लबने मला पुरुषांचा संघ दिलाय. हो, पुरुषांचा. पहिल्या दिवशी साडेसहा फुटांचा एक जण मला म्हणाला, "मावशी, पाणी देणाऱ्या बाईची जागा तिकडे आहे." मी म्हटलं, "बाळा, पाणी तुला लागेलच. धाव." सगळ्या संघाला मैदानाभोवती पळवलं. चौदाव्या फेरीला त्याने मला आपण होऊन 'कोच' म्हटलं, आणि विसाव्या फेरीला पाणी मी स्वतः नेऊन दिलं.

पोरांशी जमलं. जमत नाही ते अध्यक्षांशी. त्यांचा सिमेंटचा धंदा आहे. मध्यंतरात फोन करून सांगतात, "नऊ नंबरला काढा, त्याची चालच मला आवडत नाही." मी हो हो म्हणते आणि फोन लांदिंगसारख्या कोणाकडे तरी देऊन टाकते. पण इथे लांदिंग नाही. त्याने डाकार सोडलं नाही. 'भाताशिवाय तीन दिवस काढले तर जोला माणूस मरतो,' म्हणाला. जसा काही इथे भात मिळतच नाही!

मिळतो गं. पण एकटीच्या ताटात मिळतो. घरी एका परातीभोवती सहा जण बसायचो, ज्याने त्याने आपल्या समोरचं खायचं, मावशीने मधले मासे तोडून ज्याच्या त्याच्या पुढ्यात सरकवायचे. इथे ताटाच्या चारही बाजू माझ्याच. मावशी सांगत होती, घरी तुझ्या पुढ्यातला भात अजून कोणी उकरत नाही. सगळे जरा जरा सरकून बसले तर जागा भरून जाईल, पण कोणी सरकत नाही. ती अजून तिकडे माशाचा तुकडा सरकवते. शेवटी तो मांजर खातं. मांजर फार माजलंय.

गेल्या आठवड्यात आमचा एक खेळाडू मोरोक्कोला गेला. सगळ्यांनी ओळीने त्याला डावा हात दिला. आमचा बेल्जियन फिजिओ बघतच राहिला. मला विचारतो, "तुम्ही लोक तर डाव्या हाताने पैसेसुद्धा देत नाही, मग हे काय?" मी त्याला समजावलं. लांब जाणाऱ्याचा असा मुद्दाम अपमान करून ठेवायचा, म्हणजे तो दुरुस्त करून घ्यायला त्याला परत यावंच लागतं. त्याला फार आवडलं. म्हणाला, "आणि कोणी उजवा हात दिला तर?" मी म्हटलं, "तर संपलं. दुरुस्त करण्यासारखं काही ठेवलंच नाही असा त्याचा अर्थ."

मग मी शिट्टी वाजवली. पोरं कुरकुरली, कारण विश्रांतीची दहा मिनिटं अजून बाकी होती.

आई


डाकार, तबास्कीनंतरचा सोमवार

दिबोर,

तू गेलीस त्याला चौथं वर्ष लागलं. मधल्या काळात तुला किती पत्रं पाठवली ते मी मोजलेलं नाही. सुके मासे मात्र इतके पाठवलेत की समुद्रात काही शिल्लक आहे की नाही कोण जाणे. तू ते घेतेस, हे कळतं. पत्रं वाचतेस की नाही, ते कळत नाही.

बामाकोची नोकरी गेली, हे मावशीने सांगितलंच असेल. लागोपाठ चार सामने हरलो. अध्यक्षांनी मला बोलावलं नाही. मी सरावाला गेले तर माझ्या खुर्चीवर दुसराच माणूस बसलेला, गळ्यात माझीच शिट्टी. त्यानंतर आबिदजानला एक वर्ष झालं, तिथे चषक जिंकून दिला तरी करार वाढवला नाही. आमच्या धंद्यात असंच चालतं. घर भाड्याने घेताना मी पडदे लावत नाही. पडदे लावून होतात तोवर नारळ हातात पडतो. आता पुन्हा डाकारमध्ये आहे, बंदराच्या एका क्लबच्या मुलींना शिकवते.

हे सगळं उगाच लिहिते आहे. सांगायचं वेगळंच आहे. काल ईदचं भेटायला अवा तेंदेंग आली होती. तुझ्या जागी जी बारावी गेली, तीच. लग्न झालं, अंगावर पोर आहे, चांगली गोलमटोल झालीय. मांस-कांद्याचं ताट संपलं, चहाचा दुसरा पेला झाला, तरी उठेना. मग म्हणाली,

"कोच, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावले तर काय करशील? आता तुला मैदानाभोवती पळवू थोडीच शकते."

"ती जागा दिबोरची होती ना?"

मी पोराच्या तोंडाला लागलेला भात पुसत बसले. अवा म्हणाली, "मला तेव्हाच ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं. पूर्ण स्पर्धेत मी चार मिनिटं खेळले. टाइमआउटला तुम्ही बोलायला लागलात की मी बुटाच्या नाड्या बांधत बसायचे. तुम्ही माझ्याकडे बघून तिला शोधताय असं वाटायचं."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"जागा मिळाल्यावर कोण बोलतं, कोच?"

ते सुवर्णपदक तिने कधी भिंतीवर लावलंच नाही. कपाटात तिच्या घडी घातलेल्या कपड्यांच्या थप्पीखाली आहे. ते तुला पाठवू का, असं विचारत होती. मी म्हटलं, ठेव बाई, तू घाम गाळलास, तुझा काय दोष. ती रडली. पोर रडलं. मावशी आतून ओरडली, "सणासुदीचं कोणाला रडवतेस गं, सिगा?"

मी नाही रडले. तुझ्या आईला तू ओळखतेस.

आई


डाकार, शुक्रवार

दिबोर,

सोमवारचं पत्र अजून घरातच आहे, नेणारा मिळाला नाही. तेही यासोबतच पाठवते.

चार दिवस झोप नाही. आता सरळ लिहिते, नाहीतर पुन्हा आडवळणाने जाईन.

तुझा गुडघा ठीक होता. गुडघा मारेमचा गेला होता, आपल्या कॅप्टनचा. पस्तीस वर्षांची झाली होती, डावीकडे वळायला तिला एक श्वास जास्त लागायचा. तिला वगळायचं हे मी यादीच्या दोन महिने आधीच ठरवलं होतं. पण मारेमला वगळायचं म्हणजे काय, हे तुलाही माहीत आहे. रेडिओवाले सोडणार नव्हते, तिचा सगळा मोहल्ला माझ्या दारात येऊन बसला असता, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं: मारेमला काढलं आणि पोटच्या पोरीला ठेवलं.

माझ्या वहीत तू सातवी होतीस. बारावी नाही, तेरावी नाही, सातवी. डाव्या कोपऱ्यातून तुझ्याइतका चांगला शॉट मारणारी तेव्हा देशात कोणी नव्हती. मी वही मिटली आणि यादीतून तुमची दोघींची नावं काढली. एका नावाने दुसऱ्या नावाचं तोंड बंद केलं. झालंही अगदी तसंच. मारेमबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. जिने स्वतःची पोर सोडली, तिला काय विचारणार? एका पेपरात छापून आलं, 'लेकीपेक्षा देश मोठा.' मावशीने ते कात्रण जपून ठेवलं होतं. काल मी ते शेगडीत घातलं. ती मला अद्वातद्वा बोलली.

मी तुला वगळलं असतं तर एक वेळ चाललं असतं. कोच वगळतातच. मी तुला वापरलं. आणि वर मारेमचं दुखणं तुझ्या पायाला चिकटवलं.

आपण हरलो असतो तर हे मी त्याच वर्षी कबूल केलं असतं असं वाटतं. जिंकल्यामुळे चार वर्षं मी खरी ठरत राहिले.

आणि तुझ्या डाव्या हातात बॅग नव्हती. बॅग आत गेली होती. तू मोकळ्या हातांनी उभी होतीस. मावशीला डावा हात दिलास, लांदिंगला डावा दिलास, शिंप्याच्या पोरालासुद्धा वाकून डावा दिलास. मी माझा डावा हात पुढे करून उभी होते. तू तो पाहिलास, थांबलीस, आणि मला उजवा दिलास. नीट, आदराने, जसा परक्या संघाच्या कोचला सामन्यानंतर देतात. मला हात बदलावा लागला.

त्या दिवसापासून कोणी लांब जायला निघालं की मी निरोपाला जात नाही. सराव आहे असं सांगते.

तुला क्षमा मागते आहे, असं लिहिणार होते. लिहून बघितलं, फार छोटं दिसलं. तू मला हवी आहेस, दिबोर. रागावलेली, न बोलणारी, कशीही. तुझ्या रिकाम्या खोलीत मी दिवसातून दहा वेळा काही ना काही आणायला जाते.

आई


डाकार, १४ जून

दिबोर,

सात वर्षं. लिहिताना आकडा परत वाचला.

गेल्या महिन्यात राष्ट्रीय संघ पुन्हा माझ्याकडे चालून आला. लोकांना जुने विजय फार आवडतात. तीन वर्षांचा करार, गाडी, चालक, आणि यादीवर शेवटची सही माझी. मी पंधरा दिवस मागून घेतले. खोटं कशाला बोलू, मला ती खुर्ची हवी होती. थिएसच्या शाळेत तुटक्या रिंगखाली पोरींना शिकवायला लागले तेव्हापासून हवी होती, आणि एकदा मिळून गेली तरी हवीच आहे.

पण पंधराही दिवस मी खुर्चीचा विचार करत नव्हते. मी सराव शिबिराचा विचार करत होते. सहा आठवडे. तुला बोलावलं असतं तर सहा आठवडे तू माझ्या नजरेसमोर असतीस. माझ्याशी बोलली नसतीस तरी माझ्या शिट्टीवर धावली असतीस. मी तुला पाणी प्यायला सांगितलं असतं आणि तुला प्यावं लागलं असतं. किती वेडी आहे बघ तुझी आई. तुझ्या अलीकडच्या सामन्यांची चित्रफीत शोधायला लांदिंगला लावलं. गेल्या हंगामाची एकही मिळाली नाही. तो म्हणाला, "छोट्या क्लबांचे सामने कोण दाखवतो?" त्याआधीच्या मिळाल्या. तू अजून डाव्या कोपऱ्यातूनच मारतेस.

यादी करायला बसले, आणि पेन चालेना. तुला घेतलं तर तू म्हणशील, आईने उपकार केला. नाही घेतलं तर काय म्हणशील, ते मला ठाऊक आहे. आणि खरं तर तू चांगली वाटतेस की नुसती हवी आहेस, हे मलाच कळेना. ज्या कोचला हे कळत नाही, तिने त्या खुर्चीवर बसू नये.

मी नाही म्हणून कळवलं, आणि लांदिंगचं नाव सुचवलं. तो संध्याकाळचा धावत घरी आला.

"सिगाताई, डोकं फिरलंय का? तुम्हा सेरेरांना राज्य दिलं तरी तुम्ही झाडूच मागणार!"

"म्हणून तर राज्य नोकराला देते आहे. नीट सांभाळ."

"थट्टा पुरे."

"तुझ्या लोकांशी थट्टाच करायची असा वाडवडिलांचा हुकूम आहे, मी काय करू? बस, चहा घे."

तो बसला, पण पेल्याला हात लावला नाही. म्हणाला, "दिबोरसाठी करताय ना हे?"

मी म्हटलं, "तिला घे असं मी सांगणार नाही. तिचे सामने तू बघितलेस. मी खोलीत नसताना यादी कर."

"आणि मी तिला घेतलं, आणि ती इथे येऊनही घरी आली नाही तर?"

मी पेला त्याच्याकडे सरकवला. मग त्याने चहा घेतला, तिन्ही पेले, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. वयाने माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. जोलांना रीतभात कमीच.

काल यादी लागली. तीसजणींच्या शिबिरात तुझं नाव आहे. ते मी लिहिलेलं नाही. एवढंच सांगायला हे पत्र. ये. माझ्यासाठी नको येऊस, खेळायला ये. मी तिकीट काढून वरच्या ओळीत बसेन, तुला दिसणारही नाही.

आई


डाकार, ३ जुलै

दिबोर,

तुझं पाकीट काल आलं. मावशीने पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि ते माझ्या मांडीवर ठेवून शेजारणीकडे निघून गेली. ती असं कधी करत नाही, फोडून वाचते.

मी आतला कागद इतक्यांदा वाचलाय की मला पाठ झालाय. 'लांदिंगमामाला नाही म्हणून कळवलंय. गुडघा गेल्या वर्षी गेला, खेळणं बंद. इथल्या एका शाळेच्या मुलींना शिकवते, तेरा-चौदा वर्षांच्या आहेत. स्पर्धेला बाराजणी नेता येतात. माझ्याकडे तेराजणी आहेत. तेरावीचं नाव इरिया. रोज सगळ्यांच्या आधी येते. तिला कसं सांगायचं?'

वर मायना नाही, खाली सही नाही. सात वर्षांनी आलेला कागद, आणि त्यात प्रश्नचिन्ह.

आधी लांदिंगबद्दल सांगून टाकते, म्हणजे मोकळी होईन. तो आला आणि दारातच म्हणाला, "खुर्चीही गेली आणि पोरगीही आली नाही. आता?" मी त्याला तुझा कागद दाखवला. त्याने वाचला, परत दिला, आणि चहाचं पाणी ठेवायला गेला. माझ्याच घरात. मला वाईट वाटतंय का? खुर्चीचं वाटतंय. रोज सकाळी वाटतं. गुडघ्याचं त्याहून जास्त वाटतं. मी जे खोटं बोलले होते तेच नेमकं तुझ्या वाट्याला आलं. डॉक्टर काय म्हणतात, जिना चढता येतो का, हे लिही.

आता इरियाचं.

यादी भिंतीवर लावू नकोस. आधी तिला सांग. तिच्या आईला नाही, तिला. सराव सुरू व्हायच्या आधी, ती लवकर येते ना, तेव्हा. दोघीच असाल अशा वेळी. उभ्याने नको, बाकावर बस आणि तिलाही बसव. पहिल्याच वाक्यात सांग. आधी तिचं कौतुक करू नकोस. कौतुक सुरू झालं की पोरींना कळतं, आणि मग त्या शेवटच्या वाक्याची वाट बघत तुझं बाकीचं सगळं सोसत बसतात. कारण खरं सांग. खरं कारण तुला तोंडाने सांगता येत नसेल, तर निर्णय चुकलाय असं समज आणि घरी जाऊन यादी परत कर. 'तुझ्या भल्यासाठीच' असं म्हणू नकोस.

मग गप्प बस. ती रडेल, किंवा रडणार नाही. विचारेल, किंवा काहीच विचारणार नाही. घड्याळाकडे बघू नकोस. चेंडू उचलू नकोस. ती उठेपर्यंत तू उठायचं नाही, बाकी सगळ्या मुली येऊन दारात उभ्या राहिल्या तरी.

हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी जे केलं नाही, ते लिहिते आहे.

त्या दिवशी सकाळी सात वाजता यादी दाराशेजारच्या भिंतीवर चिकटवून मी राखणदाराच्या खोलीत जाऊन बसले. त्याच्या खिडकीतून भिंत दिसते, हे मला माहीत होतं. तुम्ही सगळ्याजणी एकदम आलात. तू यादीवर बोट ठेवून वरून खाली गेलीस. मग खालून वर आलीस. मग बाजूला झालीस, म्हणजे मागच्यांना दिसावं. अवा किंचाळली तेव्हा तू तिला उचललंस, दोन्ही हातांनी, जमिनीपासून वीतभर. तिला उतरवलंस आणि एकदा मागे वळून पाहिलंस. तू मला शोधत होतीस. मी खिडकीतून मागे सरकले. राखणदार म्हणाला, "कोच, चहा निवतोय." मी चहा प्यायले.

जेवायला घरी आलीस तेव्हाही मी काही बोलले नाही. मासे चांगले आहेत म्हणाले.

तू इकडे ये, असं मी आता म्हणणार नाही. मी येते. व्हिसाची मुलाखत येत्या गुरुवारी आहे, कागद पुरे आहेत, आणि नोकरी नसल्यामुळे रजा कोणाकडे मागायची नाही. दार उघडायचं की नाही, ते तेव्हाचं तेव्हा बघ. उघडलंस तर घरात नको, तुझ्या शाळेच्या मैदानावर ने. सकाळी, मुली यायच्या आधी. बाक असेलच तिथे.

मला तुला शेजारी बसवून सांगायचंय की दिबोर, तू संघात नाहीस. का नाहीस, तेही सांगायचंय. आणि तू उठेपर्यंत मला तिथे बसून राहायचंय.

आई